टवाळी उमरावांची, गिऱ्हाईकही उमरावच

जॉर्जियन काळातल्या (१७१४ ते १८३०, जॉर्ज नावाच्या चार राजांचा काळ) इंग्लंडची व्यंगचित्रं समाजमाध्यमांवर फिरतात, तेव्हा सोबत हमखास एक मजकूर असतो: 'ही गरिबांची हत्यारं होती, निर्भीड चित्रकारांनी रंगेल उमरावांचं खरं रूप चव्हाट्यावर आणलं.' ऐकायला झकास, पण यातलं फारसं काही टिकत नाही.

गरिबांची कशी? हाताने रंगवलेल्या एका चित्राला दोनेक शिलिंग पडत. लंडनच्या मजुराची दिवसाची मजुरी जवळपास तेवढीच! अशी चित्रं छापून विकणाऱ्या हॅना हम्फ्रीबाईंचं दुकान होतं सेंट जेम्स स्ट्रीटवर, उमरावांच्या क्लबांच्या शेजारात. काचेबाहेर फुकट बघणाऱ्यांची झुंबड उडे, हे कबूल. पण गल्ला भरायचा तो बड्यांच्याच खिशातून. खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे युवराज, त्यांचं गिऱ्हाईक होता.

निर्भीडपणाचं म्हणाल, तर व्यंगचित्रकार जेम्स गिलरेला जानेवारी १७९६ मध्ये एका चित्रापायी अटक झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारपक्षाकडून सालीना २०० पौंडांची पेन्शन सुरू झाली. दुसरा व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँक याने १८२० साली १०० पौंड घेतले, राजाला (तोवर गादीवर आलेला तोच प्रिन्स ऑफ वेल्स) अनैतिक प्रसंगात रंगवणार नाही या बोलीवर.

राहिलं 'खरं रूप'. गिलरेचं जुलै १७९२ चं चित्र घ्या. हाच राजपुत्र जेवून खुर्चीत पसरलाय, काट्याने दात कोरतोय, पोटावर बंडीचं बटण कसंबसं तग धरून आहे. मागे भरून वाहणारं मूत्रपात्र, त्याखाली खाटीक नि बेकरीवाल्याची थकलेली बिलं. शेजारी मूळव्याधीचं आणि तोंडाच्या दुर्गंधीचं औषध. (भिंतीवर मिताहाराचा पुरस्कर्ता कोर्नारो, हातात पाण्याचा पेला. हा खवचटपणा मला फार आवडतो.) कर्जं खरीच होती, १७८७ मध्ये संसदेने त्याचे १,६१,००० पौंड फेडले होते. पण त्याच जुलैअखेर गिलरेने बापालाही धरलं: तिसरा जॉर्ज, ठिगळाची तुमान, समोर उकडलेलं अंडं. उधळ्या मुलगा हास्यास्पद आणि काटकसरी बापही! मग चीड ऐषबाजीची, असं कसं म्हणायचं?

शिवाय चित्रातलं सगळं घडलेलं नसतं. १७९६ च्या एका चित्रात जुगाराचे डाव मांडणाऱ्या लेडी बकिंगहॅमशर आणि लेडी आर्चर भर चौकात, मान-हात जखडणाऱ्या लाकडी खोड्यात अडकवलेल्या दिसतात. प्रत्यक्षात न्यायाधीश लॉर्ड केन्यन यांनी तशी नुसती तंबी दिली होती. पुढच्या वर्षी लेडी बकिंगहॅमशर सापडल्या, तेव्हा ५० पौंड दंडावर सुटल्या.