उत्तर कुणी लिहिलं, हे सभागृहाने विचारावं

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एक मागणी हमखास कानावर येते. अधिकाऱ्यांनी सभागृहाची दिशाभूल केली, हक्कभंग, म्हणजे सभागृहाच्या अधिकारांचा भंग केल्याचा ठराव, दाखल करून घ्या. विरोधक म्हणतात, सत्ताधारी आमदारही म्हणतात. इंग्लंडमध्ये राहूनही मी हे कामकाज नेमाने पाहतो, कारण आमचं धानाचं वावर भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात आहे आणि गोसेखुर्द धरणाच्या पाण्याबद्दल तिथे जे बोललं जातं त्याचा थेट संबंध आमच्या बांध्यांशी आहे.

आमदारांचा राग खोटा नसतो. पण हा राग सर्वांत जोरात कधी उसळतो, ते पाहिलं की वाईट वाटतं. अधिकाऱ्याने फोन उचलला नाही, भूमिपूजनाच्या पत्रिकेत नाव घातलं नाही, राजशिष्टाचार पाळला नाही, अशा वेळी. मार्च 2023 मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने सहा पोलिसांना मध्यरात्रीपर्यंत सभागृहाच्या आवारातच कोठडीत ठेवलं. 2004 साली त्यांनी एका आमदाराला मारहाण केली होती. आमदाराला मारणं गंभीरच आहे, शिक्षा झाली ते योग्य झालं. पण राज्यघटनेच्या कलम 194 ने दिलेलं हक्कभंगाचं हेच हत्यार चुकीच्या उत्तराविरुद्ध इतक्या निग्रहाने क्वचितच उपसलं जातं. चुकीच्या उत्तराने ज्याचं नुकसान होतं, तो माणूस सभागृहात बसलेला नसतो.

उत्तर तयार कसं होतं, ते गावाकडच्या माणसाला नीट ठाऊक आहे. आमदार तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न टाकतो. मंत्रालयातला कक्ष अधिकारी तो खाली पाठवतो. अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपविभाग असा तो उतरत शाखा अभियंत्यापर्यंत येतो. घाई असते, म्हणून गेल्या वर्षीचाच तक्ता थोडा फिरवून वर जातो. प्रत्येक टेबलावर सही होते, वावरात मात्र कुणीच जात नाही. शेवटी मंत्री उभे राहून वाचतात: ‘अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

यातली सर्वांत घातक उत्तरं शब्दशः खोटी नसतात. पाटबंधाऱ्याच्या कागदांत ‘निर्मित सिंचनक्षमता’ हा एक आकडा असतो आणि ‘प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र’ हा दुसरा. मुख्य कालवा आणि वितरिका झाल्या की पहिला आकडा वाढतो. लघुकालवा अर्धवट असो, शेतचारी खोदलेलीच नसो, शेवटच्या बांधीत थेंबही न येवो, क्षमता निर्माण झालेली असते. प्रश्न ‘पाणी किती जणांना मिळालं’ असा असतो आणि उत्तर क्षमतेचं येतं. माझे काका फोनवर म्हणतात, ‘कागदावर सप्पा (सगळं) झाला बाबू, बांधीत मातर पानी नाही.’

गोसेखुर्दची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ किंमत 372 कोटी रुपये होती, ती 18 हजार कोटींच्या पुढे गेली. डाव्या कालव्याचं अस्तरीकरण निकृष्ट निघालं. या सगळ्या काळात सभागृहात प्रश्न विचारले गेले आणि त्यांना उत्तरंही दिली गेली. 2012 मध्ये राज्याच्याच आर्थिक पाहणीवरून गदारोळ झाला: दहा वर्षांत सुमारे 70 हजार कोटी खर्चून सिंचन वाढलं 0.1 टक्का. त्यानंतर जलसंपदा विभागाची श्वेतपत्रिका आली आणि तिने वेगळंच चित्र मांडलं. एकाच शासनाचे दोन विभाग दोन गोष्टी सांगत होते.

इथे ब्रिटनमध्ये काय होतं? एप्रिल 2018 मध्ये गृहमंत्री अँबर रड यांनी संसदीय समितीपुढे सांगितलं की बेकायदा स्थलांतरितांना परत पाठवण्याची उद्दिष्टं ठरवलेली नाहीत. ती होती, हे दाखवणारी कागदपत्रं लगेच बाहेर आली आणि काही दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. अधिकाऱ्यांनी त्यांना नीट माहिती पुरवली नव्हती, हे पुढे चौकशीत निघालं, तरी संसदेला उत्तर देण्याची जबाबदारी त्यांचीच धरली गेली. 2023 मध्ये बोरिस जॉन्सन यांनी संसदेची दिशाभूल केली असा ठपका हक्कभंग समितीने ठेवला. सात जणांच्या त्या समितीत चार सदस्य त्यांच्याच पक्षाचे होते. मला यातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

पण इथलं सगळं आदर्श आहे असं मी सांगणार नाही. पोस्ट ऑफिसच्या सदोष संगणक प्रणालीमुळे शेकडो निरपराध उपपोस्टमास्तर चोर ठरले. निरपराधांना शिक्षा झाल्याचा पुरावा आढळलेला नाही, असं पोस्ट ऑफिसच्या प्रमुखांनी 2015 मध्ये संसदीय समितीला सांगितलं होतं. त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला 2024 उजाडलं. तोवर काही जण मरूनही गेले होते.

शिवाय आपल्याकडे उदाहरण नाही असं कुठे आहे? आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवल्याच्या मुंदडा प्रकरणात अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी व्यवहाराचा भार सचिवांवर टाकू पाहिला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी घेतली आणि सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा निर्वाळा दिला. फेब्रुवारी 1958 मध्ये मंत्र्यांनी राजीनामा दिला. सुरुवात संसदेतल्या प्रश्नांपासून झाली होती, आणि ते लावून धरणारे फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते.

आज चुकीचं उत्तर सापडलं की शाखा अभियंता निलंबित होतो, सगळे शांत होतात आणि चुकीचा आकडा कामकाजाच्या नोंदीत तसाच राहतो. पुढच्या वर्षीचं उत्तर त्याच आकड्यावर उभं राहतं. म्हणून निलंबनाआधी दुरुस्ती मागायला हवी: त्याच सभागृहात, मंत्र्याच्या तोंडून, आणि चुकीची टिपणी कोणत्या टेबलावरून वर गेली ते सांगून. मंत्र्याने सही केली म्हणून खालचे सुटू नयेत, आणि खालच्याचा बळी दिला म्हणून मंत्रीही सुटू नये.

भंडारा आणि चंद्रपूरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात गोसेखुर्दवर प्रश्न टाकताना क्षमतेबद्दल विचारूच नये. गेल्या हंगामात कोणत्या गावातल्या कोणत्या गट नंबरला पाणी पोचलं, ती यादी मागावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला लावावी. लाखांदूरची यादी लागली, तर तिच्यात कुठलं वावर खोटं घातलंय हे आमचे काका आणि त्यांच्या शेजारचे धानउत्पादक त्याच दिवशी सांगतील.