बंगला, बाटली आणि बाप्तिस्मा : एका संदेशाची तपासणी

एक संदेश सध्या मोबाइलवरून फिरतो आहे. माझ्याकडे तो वेगवेगळ्या लोकांकडून आला आणि पाठवणाऱ्यांतले दोघे स्वतः डॉक्टर आहेत. त्याचा मजकूर थोडक्यात असा : परदेशातून सहकुटुंब आलेले मिशनरी डॉक्टर येथे बंगला, नोकरचाकर आणि थंड हवेचे डोंगर अशा साहेबी थाटात राहिले; बाप्तिस्मा घेतल्याशिवाय त्यांनी कोणाच्या हातात औषधाची बाटली ठेवली नाही; कुष्ठरोग्यांची बोटे झडायची ती झडतच राहिली, यांनी फक्त त्यांचे फोटो दाखवून देणग्या जमवल्या; आणि इंग्रज गेले तसे हेही निघून गेले, मागे एकही भारतीय माणूस तयार न करता. खाली ठासून लिहिले आहे : ‘एकही अपवाद नाही.’

या तीन शब्दांनी उत्तर देणाऱ्याचे काम हलके केले आहे. एका कुटुंबावरून सगळ्या मिशनरी डॉक्टरांचा निवाडा होत नाही, हे मला मान्य आहे. पण अपवादच नाही म्हणणाऱ्या विधानापुढे एकच कुटुंब नीट उभे केले तरी पुरते. म्हणून मी तमिळनाडूत राहिलेले ब्रँड कुटुंब घेतो आणि संदेशातले मुद्दे त्याच क्रमाने तपासतो.

पहिला मुद्दा थाटाचा. जेसी ब्रँड हे मूळचे बांधकाम व्यवसायातले. लंडनला उष्ण प्रदेशातील रोगांचे जुजबी शिक्षण घेऊन ते मद्रास इलाख्यात आले, म्हणजे काटेकोरपणे बोलायचे तर ते पदवीधर डॉक्टरही नव्हते. एव्हलिन हॅरिस या लंडनच्या सुखवस्तू घरातल्या, चित्रकला शिकलेल्या. दोघांचे लग्न १९१३ साली झाले आणि ती दोघे आजच्या नामक्कल जिल्ह्यातील कोल्ली डोंगरावर राहायला गेली. डोंगर होता हे खरे. पण त्याला पायथ्याचे लोक ‘मृत्यूचा डोंगर’ म्हणत, कारण वर गेलेला माणूस हिवताप घेऊन खाली येई. वर जायला पायवाट, नाहीतर डोली. जेसींनी बांधलेले घर लाकडी होते, वाळवीपासून वाचवण्यासाठी खांबांवर उचललेले. त्यात ना वीज, ना नळाचे पाणी. त्यांचा मुलगा पॉल १९१४ साली जन्मला. आईने दिलेला अभ्यास तो झाडावर बसून करीत असे.

संदेशात ‘मुले विलायतेत मजेत’ असाही एक टोमणा आहे. १९२३ साली नऊ वर्षांच्या पॉलला आणि धाकट्या कॉनीला शिक्षणासाठी लंडनमध्ये मावश्यांकडे ठेवण्यात आले आणि आईवडील परत फिरले. पॉलने वडिलांना त्यानंतर पुन्हा पाहिले नाही. जून १९२९ मध्ये जेसी हिवतापाच्या ‘ब्लॅकवॉटर’ या जीवघेण्या प्रकाराने वारले. लघवी काळपट होते म्हणून हे नाव. वय ४४. तारेने बातमी लंडनला आली, पण जेसींनी आधी टाकलेली पत्रे बोटीने येत होती, आणि वडील गेल्याचे कळल्यानंतरही कित्येक आठवडे त्या मुलाच्या हातात वडिलांची नवी पत्रे पडत राहिली. हे दुःख मागून घेतलेले होते, त्यासाठी कोणी त्यांना बोलावले नव्हते, असे कोणी म्हणेल तर मी वाद घालणार नाही. मुलांना असे दूर ठेवणे योग्य होते का, हाही प्रश्न रास्त आहे. मात्र त्याला मजा म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा बाप्तिस्म्याचा. येथे संदेशात काही अंश खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जेसी आणि एव्हलिन प्रथम धर्मप्रचारक होते, त्यांनी ते कधी झाकले नाही, आणि डोंगरावरील लोकांनी ख्रिस्ती व्हावे अशी त्यांची उघड इच्छा होती. सेवेला धर्मांतराची जोड देण्यावर गांधीजींनी वारंवार टीका केली होती, आणि ती करणारा माणूस सेवाग्रामला परचुरेशास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमा स्वतःच्या हातांनी धूत होता, म्हणून तिला वजन आहे. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ साली वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करावा, अशी शिफारस केली. समितीचे अध्यक्ष भवानीशंकर नियोगी नागपूरचेच. तेव्हा या शंकेला इतिहास आहे.

परंतु ‘बाप्तिस्मा नाही तर औषध नाही’ हे विधान वेगळे आहे आणि कोल्लीच्या बाबतीत ते उभेच राहत नाही. सुरुवातीची कित्येक वर्षे तेथे कोणीही ख्रिस्ती झाले नाही, आणि त्या सगळ्या वर्षांत औषधोपचार चालू होता. नारूचेच पाहा. आपल्याकडे जुन्या माणसांना नारू सांगावा लागत नाही : पायाच्या फोडातून डोकावणारा तो लांब पांढरा जंत काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा बाहेर ओढायचा, घाई केली की तुटायचा आणि पाय सडायचा. जेसी हे काम तासन् तास करीत. पण त्यांच्यातला गवंडी तेवढ्यावर थांबला नाही. फोड आलेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, जंत पाण्यात अळ्या सोडतो आणि तेच पाणी गाव पिते, हे लक्षात घेऊन त्यांनी विहिरींना कठडे घालण्याच्या मागे लागून पाण्यात पाय पडणार नाही अशी व्यवस्था करायला लावली. भारत नारूमुक्त जाहीर झाला तो २००० साली. कठड्याआडच्या विहिरीचे पाणी शेंदणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही.

तिसरा मुद्दा कुष्ठरोगाचा. त्यात वैद्यकीय चूक आहे, आणि संदेश पुढे ढकलणाऱ्या दोघा डॉक्टरांनी ती पाहायला हवी होती. कुष्ठरोगात बोटे ‘झडत’ नाहीत. जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो, विशेषतः कोपर, मनगट, गुडघा अशा ठिकाणी, जेथे मज्जातंतू कातडीच्या जवळ आणि म्हणून थंड असतो. तेथून पुढची जाणीव जाते, हाताचे लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटे पंजासारखी आखडतात. पुढचे नुकसान चटका, काप, खिळा, चुकीची चप्पल यांनी होते, कारण दुखतच नाही. हे आज पाठ्यपुस्तकात आहे. ते तेथे येण्यामागे पॉल ब्रँड यांचे काम आहे.

पॉल लंडनमध्ये आधी बांधकाम शिकले, मग वैद्यक, आणि १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. चिंगलपेटच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना आखडलेले हात दाखवले. एका रुग्णाने त्यांचा हात दाबला तेव्हा पॉलना कळ आली, इतकी त्या निकामी समजल्या गेलेल्या हातात ताकद होती. म्हणजे काही स्नायू शाबूत होते. मग त्यांनी शाबूत स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बोटांकडे वळवायचा, तीन-चार आठवडे प्लॅस्टर ठेवायचे आणि रुग्णाला बोटे हलवायला नव्याने शिकवायचे, ही शस्त्रक्रिया कुष्ठरुग्णांसाठी बसवली. त्या काळात साध्या रुग्णालयाच्या वॉर्डात कुष्ठरुग्णाला खाट मिळणेही कठीण होते.

वेल्लोरचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. गोदामाच्या गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना. पॉल जोर लावून थकले. एक दहा-बारा वर्षांचा कुष्ठरुग्ण मुलगा पुढे आला आणि त्याने ती सहज फिरवली. पॉलना आश्चर्य वाटले, तेवढ्यात जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले : किल्लीने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला पत्ताच नव्हता. यानंतर पॉल आणि त्यांचे सहकारी एकेका जखमेचा माग काढू लागले. काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत, तर शेवटी सापडले उंदीर. झोपेत कुरतडले तरी रुग्णाला जाग येत नसे. मग घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर देण्याचा नियम झाला. हे वाचून हसू येते, पण तितकेच ते शास्त्रीय आहे.

शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण परत आले आणि तक्रार करू लागले की सरळ झालेल्या हाताला भीक मिळत नाही. त्यातून रुग्णांना सुतारकाम शिकवणारी ‘नवजीव निलयम’ ही वस्ती उभी राहिली, आणि बांधकाम शिकताना पॉलच्या हाती बसलेली करवत तेथे कामी आली. पॉलच्या पत्नी डॉ. मार्गारेट यांनी कुष्ठाने निकामी होणाऱ्या डोळ्यांवर काम केले. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत कुष्ठरुग्णांना मिळणारी ‘एमसीआर’ चप्पल मऊ सूक्ष्मछिद्री रबराची असते, आणि तिला खिळा नसतो, कारण बधिर पायाला आतून टोचलेला खिळा कळणार नाही. वेल्लोरजवळच्या करिगिरी येथील केंद्राचा तिच्या विकासात मोठा वाटा आहे. पुढे हीच समज मधुमेहाच्या बधिर पायांसाठी वापरात आली. हे फोटो दाखवून देणगी मागणाऱ्यांचे काम नव्हे. देणग्या मागितल्या गेल्या, हे मात्र खरे. रुग्णालय वाऱ्यावर चालत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा. पॉल आणि मार्गारेट १९६६ साली अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिल येथे गेले, म्हणजे निघून गेले हे खरे. पण मागे कोणीही तयार नव्हते, हे खोटे. वेल्लोरच्या पहिल्या भारतीय संचालक डॉ. हिल्डा लाझारस होत्या. डॉ. मेरी व्हर्गीस यांना १९५४ सालच्या अपघातात कमरेखाली पक्षाघात झाला. पॉलच्या आग्रहाने त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या, वेल्लोरला पुनर्वसन विभाग त्यांनी उभा केला, आणि १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि एव्हलिन? इंग्रज गेले त्या सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर, मिशनने वयामुळे त्यांना पुढची मुदत नाकारली. त्यांनी मिशनमधून निवृत्ती घेतली आणि स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा डोंगर चढल्या. तट्टूवरून पडून हाडे मोडली तरी दोन बांबूच्या काठ्यांवर त्या पाड्यापाड्यांत फिरत, आणि शेवटची काही वर्षे त्यांनी घरात आरसाही ठेवला नाही. १९७४ साली, ९५ व्या वर्षी त्या वारल्या. त्यांना कोल्लीवरच, ४५ वर्षांपूर्वी पुरलेल्या जेसींच्या शेजारी ठेवले.