शिशाचे मोदक

'कानांत तप्त शिसं ओतल्यासारखं वाटलं' हे वाक्य मी शाळेत असल्यापासून वाचत आलोय. दर दुसऱ्या कादंबरीत कुणीतरी कुणाच्या तरी कानांत शिसं ओतत असतं. आता स्वतः शिसं वितळवून, ओतून आणि थोडं अंगावर उडवून घेऊन झाल्यावर मी अधिकाराने सांगतो, यातल्या एकाही लेखकाने ते काम केलेलं नाही. केलं असतं तर कोळसा कुठनं आणायचा, कढई कुठली वापरायची आणि बायकोला काय सांगायचं, यातच तीन प्रकरणं गेली असती. नायिकेचा कान राहिला असता बाजूला.

निवृत्तीनंतर मला गळाचा नाद लागला. घर गावभागात, कृष्णा हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी आयर्विन पुलाजवळ घाटाच्या पायरीवर बसायचं, कणकेची गोळी लावायची आणि पाण्याकडे बघायचं. खाली उतरायचं नाही. कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकराला वेगळं सांगावं लागत नाही. मासे फारसे मिळत नव्हते, पण शिसं मात्र नेमाने जात होतं. गळाला बांधायचं वजन तळाच्या दगडांत अडकायचं, मी ओढायचो, तंगूस तुटायचा. दहा रुपयांचं एक वजन. संध्याकाळी चार. म्हणजे चाळीस रुपये मी रोज कृष्णार्पण करत होतो, आणि घरी नेत होतो बोटभर चिलाप.

शेजारच्या पायरीवर एक तात्या बसतात. त्यांच्या गळाला ट्रॅक्टरचा गंजका नट असतो. "बुडतंय न्हवं? मग झालं की," असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण त्याच रात्री मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला.

मेहुणा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे हवेची रायफल आहे. आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायला असते तसली नव्हे. तिची नळी पंचेचाळीस कॅलिबरची, म्हणजे जवळजवळ साडेअकरा मिलिमीटर. आत तीन-चार हजार पीएसआय दाबाने भरलेली हवा. एकदा मी त्याला म्हटलंही, एवढंच ना, हवा तर हवा. त्यावर त्याने मला अर्धा तास इतिहास सांगितला. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० मध्ये जिरार्दोनी नावाच्या माणसाची हवेची रायफल घेतली होती, तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी, आणि ती भरायला सुमारे दीड हजार वेळा पंप मारावा लागे. मी सायकलच्या ट्यूबला तीस मारले की कट्ट्यावर बसतो. मोठ्या हौसेने तो म्हणाला होता, "दाजी, तुम्हाला एक घेऊन येतो." मग मीच त्याला २०१६ चे शस्त्र नियम वाचून दाखवले. आपल्याकडे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा वीस ज्यूलपेक्षा जास्त जोर असला की परवाना लागतो. त्याच्या आवाजात जी निराशा उतरली, ती ऐकून माझी बायको किती दिवसांनी माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

तर हा मेहुणा स्वतःच्या गोळ्या घरी ओततो. ओतून झाल्या की पन्नास यार्डांवर कागद लावतो, पाच गोळ्या मारतो, त्या पाच भोकांवर नाणं ठेवून फोटो काढतो आणि आम्हाला पाठवतो. याला ग्रुपिंग म्हणतात. पाचही भोकं नाण्याखाली झाकली गेली की त्या दिवशी तो बहिणीची चौकशी करतो. नाही झाकली तर नुसता फोन ठेवतो.

मी सहज बोलून गेलो की गळाची वजनं परवडत नाहीत. पलीकडून खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. "दाजी, विकत घेता? शिसं?"

तिथून पुढचे तीन आठवडे मी माझा राहिलो नाही.

पहिला प्रश्न, शिसं कुठनं आणायचं. शिसपेन्सिलीत शिसं नसतं एवढं मला माहीत होतं. गाडीची जुनी बॅटरी फोडायला मेहुण्याने सक्त मनाई केली. आत ॲसिड असतं, वर विषारी वायू सुटतात. मग सुचला टायरवाला. चाकाच्या बॅलन्सिंगला जी चिमटीएवढी वजनं लावतात, त्यांचा डबाभर ढीग त्याच्या दुकानात पडलेला. चार किलो घेतली. "काका, काय करणार एवढ्याचं?" "मासे," मी म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. सांगलीत माणसं समजूतदार आहेत.

भांड्यासाठी घरात प्रयत्न करून पाहिला. "अहो, त्या कढईला हात लावलात तर बघा," एवढंच उत्तर आलं, आणि बरोबरच होतं. शिसं हे हळू चढणारं विष आहे. ज्यात वितळवलं ते भांडं परत स्वयंपाकात घ्यायचं नाही. भंगारातून एक लोखंडी कढई आणली, तिच्यावर लाल रंगाने 'विष' असं लिहिलं. साच्याचं काय? मेहुणा ॲल्युमिनियमचा दोन अर्धुकांचा साचा वापरतो. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना आणि शिसं ३२७ अंशांना, म्हणजे साच्याला धोका नाही. हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच वस्तू आली. दोन अर्धुकं, मध्ये बिजागरी, बूड उघडं, ॲल्युमिनियम.

मोदकाचा साचा.

आमचं गाव गणपतीचं. घरातल्या साच्याला हात लावायची प्राज्ञा नव्हती. मारुती रोडवरून नवा आणला. पण शिशाचं गणित खव्याच्या गणितासारखं नसतं. शिसं पाण्याच्या अकरापट जड. मध्यम आकाराचा मोदक ओतला असता तर पाव किलोच्या घरात गेला असता आणि त्याला गळ नव्हे, नाव बांधावी लागली असती. म्हणून पंचखाद्याच्या अगदी बारक्या मोदकाचा साचा घेतला. दुकानदार म्हणाला, "नातवंडं आलीयत वाटतं?" मी हसलो.

गच्चीवर कोळशाची शेगडी मांडली. मेहुण्याच्या आज्ञेनुसार पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, बूट, वेल्डिंगचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. एप्रिलमधली सांगली. वितळण्याच्या बाबतीत मी शिशाच्या बराच पुढे होतो. पलीकडच्या गच्चीवरून अण्णांनी विचारलं, "काय, हळद शिजवताय का?"

पहिली घाणी वाया गेली. झालं असं की हल्ली बॅलन्सिंगची वजनं निम्मी जस्ताची असतात. जस्त वितळतं ४१९ अंशांना. आच बेताची ठेवली की शिसं आधी पातळ होतं आणि जस्ताचे तुकडे वर तरंगतात, ते झाऱ्याने काढून टाकायचे. मला ते मागाहून कळलं. मी उत्साहात पंख्याने कोळसे फुलवले, सगळं एकत्र वितळलं, आणि कढईत चकचकीत रसाऐवजी रवाळ, घट्ट, जागेवरून न हलणारं काहीतरी तयार झालं. कॅमेरा कढईवर धरला. मेहुणा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दाजी, हे उप्पीट झालंय."

आता शिसं कुठलं? आणि मला माळ्यावरची पेटी आठवली.

वडिलांचा खणभागात छोटा छापखाना होता. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. ऑफसेट आलं आणि तो बंद पडला. मशीन गेलं, खिळे राहिले. खिळे म्हणजे छपाईचे टाइप. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण. २००५ च्या पुरात ती पेटी पाण्याखाली होती, २०१९ लाही होती. दोन्ही वेळा टीव्ही आणि फ्रिज भंगारात गेले, खिळे मात्र नुसते पांढुरके होऊन तसेच. दुसऱ्या पुरानंतर पेटी माळ्यावर चढवली होती. तिला उतरवताना कंबर धरली.

रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी ते निवडायला बसलो. उलटी अक्षरं. पायका मापाच्या टाइपातला उलटा 'ळ'. 'ज्ञ'चा खिळा झिजलेला, कारण पत्रिकेत ज्ञानेश्वर फार. 'श्री' तर मूठभर निघाले. मी त्यातला एक उचलला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. तासाभराने सगळीच अक्षरं बाजूला ठेवलेली होती आणि वितळवायला काही उरलं नव्हतं. बायको येऊन बघून गेली. तिने तळातली एक पुडी उचलली, उघडली. "आणि हे कसलं? ह्यावर तर काहीच नाहीये."

ते कोरे होते. दोन शब्दांमध्ये घालायचे स्पेस, ओळ भरून काढायचे क्वाड, दोन ओळींमध्ये सरकवायच्या पट्ट्या, ज्यांना छापखान्यात सरळ 'लेड'च म्हणत. अक्षरांपेक्षा उंचीला कमी, म्हणून शाई लागत नाही, कागदावर उमटत नाहीत. चांगले दोन किलो भरले. वडिलांनी आयुष्यभर जपून वापरलेली मोकळी जागा.

"हे घ्या," ती म्हणाली. "अक्षरं राहू देत."

मेहुण्याचा अर्थातच आक्षेप होता. अँटिमनीने धातू कठीण होतो. हवेच्या बंदुकीत दारूसारखा जोर नसतो, गोळी मऊ असली तरच नळीच्या आतल्या पीळदार आट्यांत नीट बसते. नखाने ओरखडा उठला पाहिजे. मी म्हटलं, अरे बाबा, हे पाण्यात पडायचंय. तो म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे.

पण टाइपचं मिश्रण नुसत्या शिशापेक्षाही लवकर वितळतं, ही त्यातली सोय. दुसऱ्या दिवशी दुपारी कढईत खरोखरच आरसा तयार झाला. त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकला, म्हणजे वरची राखेसारखी मळी सुटी होते. मेण आधी धुरावलं आणि मग भप्पकन पेटलं. हे होणार असं त्याने सांगितलं होतं. ज्वाळा कंबरेएवढी होईल असं नव्हतं सांगितलं. काळा धूर वाऱ्याबरोबर सरळ अण्णांच्या गच्चीवर गेला, जिथे त्यांच्या घरच्या कुरडया वाळत होत्या. काकूंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते लिहीत नाही. कानांत ओतायच्या लायकीचं होतं.

साच्याच्या आतून मेणबत्तीची काजळी धरली, की धातू चिकटत नाही. तारेची कडी बुडातून सोडली, पळीने ओतलं. पहिला मोदक निघाला आणि चेहरा आजोबांसारखा. साचा गार होता. मोदकाला कळ्या हव्यात, सुरकुत्या नकोत. साचा कढईच्या कडेवर तापवत ठेवला, तर पुढचे सहा पांढरे, पिठूळ, पेढ्यावर साखर फुटावी तसे. तो जास्त तापला होता. मेहुण्याने धीर द्यायला मला ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सची गोष्ट सांगितली. प्लंबर माणूस. १७८२ साली त्याने पेटंट घेतलं: उंच मनोऱ्यावरून चाळणीतून शिसं ओतायचं, पडता पडता थेंब आपोआप गोल होतात आणि खाली पाण्यात गार होतात. त्यासाठी त्याने आपल्या घरावरच मनोरा चढवला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली अण्णांची स्कूटर होती. विचार सोडून दिला.

बाराव्या मोदकापासून हात बसला. चकचकीत, नीटस कळ्यांचे. पंधरावा चालू असताना आभाळ काळवंडलं. सांगलीचा वळीव विचारून येत नाही. मेहुण्याने शंभरदा बजावलेली गोष्ट एकच होती, पाण्याचा थेंब कढईत पडता कामा नये. पाणी आत गेलं की एका क्षणात वाफ होते, ती हजारपटीहून जास्त फुगते आणि शिसं उसळून बाहेर येतं. बायको जिन्यातून ओरडली, "कुरडया!" काकू पलीकडून ओरडल्या, "कुरडया!" मी झाकण शोधत होतो. ते सापडलं, मी हात लांब करून ठेवणार, तेवढ्यात पहिला टपोरा थेंब आला. फाट्! टाकीवर, भिंतीवर, बुटावर, चष्म्याच्या डाव्या काचेवर रुपेरी शिंतोडे. झाकण टाकलं आणि जिन्यात पळालो. चष्मा जपून ठेवलाय. कुणी हातमोज्यांची चेष्टा केली की दाखवतो.

त्या संध्याकाळी मला घरात घेतलं नाही. मागच्या नळावर साबणाने कोपरापर्यंत हात, मग तोंड, मग अंघोळ. कपडे वेगळे भिजवले. शिसं हातावरून तोंडात जातं हे तिने कुठूनतरी वाचलं होतं, आणि ते खरं आहे.

चौदा मोदक. मेहुण्याला वजनं हवी होती, आणि तीही ग्रेनमध्ये, ज्यातले सात हजार मिळून एक पौंड होतो. सराफ कट्ट्यावर ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवले. सराफाने आयुष्यात बरंच काही तोललं असेल. तो एवढंच म्हणाला, "नवस?" सहाशे चाळीस ते सहाशे पंचावन्न ग्रेन भरले. मेहुणा नाराज. "पंधराचा फरक? आत पोकळी राहिलीय दाजी." पंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नाही, हे मी हिशेब करून सांगितलं. त्याने ऐकलं नाही. त्यातल्या त्यात सारखे पाच निवडून वेगळे काढायला लावले.

परवा ते पाच घेऊन पायरीवर गेलो. तात्यांनी एक तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला. "मोदक हाय व्हय! मासा हात जोडंल," म्हणाले, आणि आपला नट पाण्यात टाकला.

रात्री फोन वाजला. एरवी तो आधी हवापाणी विचारतो. आज नाही.

"दाजी, ग्रुपिंग?"

"पाचच्या पाच," मी म्हटलं. "काठाकडून दुसऱ्या खांबाच्या बुडाशी, एकाच कपारीत. एकही निघाला नाही."

पलीकडे शांतता. मग अत्यंत आदराने त्याने विचारलं, "किती यार्डांवरून?"