दंडास पात्र

परवा चुलतभावाच्या लग्नाचा अल्बम आला. कडेला सोनेरी पट्टी, जाडजूड पानं, वजन पावणेतीन किलोच्या आसपास (हाताला सवय आहे, अंदाज सहसा चुकत नाही). सव्विसाव्या पानावर मी आहे. म्हणजे पैठणी माझी आहे, नथ माझी आहे, चेहराही माझाच आहे. हात मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत. खांद्यापासून कोपरापर्यंत दोन पडवळं लोंबतायत. शेजारी खांद्याएवढी उंच पितळी समई होती, तिची दांडी बरोबर माझ्या दंडाच्या उंचीला आत वळली आहे, कमी ऐकू येणारं माणूस कान पुढे करतं तशी.

फोटोवाल्याला फोन केला. तो खूश. "ताई, दंड बारीक करून दिलेत बघा. त्याचे वेगळे पैसे नाही लावले."

मी न मागता, फुकट. एवढं कोण करतं हल्ली? या बिचाऱ्याला प्रत्येक लग्नानंतर असं रात्र रात्र बसावं लागू नये, एवढ्याच हेतूनं समस्त भगिनीवर्गासाठी काही सूचना करते. पुढच्या लग्नसराईपर्यंत अमलात आणाव्यात.

सर्वांत आधी, व्यायाम सोडा असं तुम्हाला कुणीही सांगत नाहीये. करा की. 'फिट' राहायलाच हवं. फक्त केल्याची खूण अंगावर उरता कामा नये. पोहायचं, पण केस भिजवायचे नाहीत, तसं. जिममध्ये खिडकीपाशी गुलाबी डंबेल मांडलेले असतात, एक-एक, दोन-दोन किलोचे. ते आपले. लोखंडी प्लेटांची बाजू आपली नाही. चुकून तिकडे गेलात तर ट्रेनर लगबगीनं येतो आणि विचारतो, "मॅडम, तुम्हाला टोनिंगच करायचंय ना?" टोनिंग म्हणजे काय ते विचारू नका. मी विचारलं होतं. त्याला सांगता येईना, म्हणून मीच सांगितलं, की वरची चरबी कमी झाली की खालचा स्नायू दिसायला लागतो, त्याला तुम्ही टोनिंग म्हणता. पण त्यासाठी खाली स्नायू असावा लागतो, आणि तो दोन किलोच्या डंबेलनं येत नाही. तो म्हणाला, "पण मॅडम, मग बॉडी होईल."

होईल ना. फी कशाची भरली मी?

(वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बायकांचा बार, म्हणजे प्लेटा लावायची दांडी, पंधरा किलोचा असतो, पुरुषांचा वीसचा. बायकांचा थोडा बारीकही असतो, मुठीत नीट बसावा म्हणून. आमच्या जिममध्ये तसा बार नाही. लेडीज सेक्शनला आरसा मात्र मोठा आहे.)

बाह्या कोपरापर्यंत शिवा.

तळहातांची काळजी घ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी घरी कासार आला होता. सगळ्या बायकांनी बांगड्या भरून घेतल्या, माझी पाळी आली. त्यानं पंजा दाबून पाहिला, दोन-चारच्या मापाची चढेना, दोन-सहाची काढली. मग तळवा उलटा केला. बार आवळून आवळून बोटांच्या मुळाशी चार घट्टे पडलेत, त्यांवरून त्यानं अंगठा फिरवला आणि मायेनं विचारलं, "ताई, शेती का?" मी म्हटलं, नाही, जिम. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जो आदर आला होता, तो लगेच गेला. तेव्हा कुणी विचारलंच तर शेती सांगा. दोन एकर पुरे.

स्थळांसाठी वेगळी सूचना. 'मुलगी फिट हवी' याचा अर्थ 'बारीक हवी' असा वाचायचा. पूर्वी सरळ छापायचे, गोरी, सडपातळ, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष. आता गोरी लिहायला लाजतात, आणि सडपातळचं फिटनेस झालंय. माझ्याकडे एक आला होता, त्याच्या छंदांमध्येच फिटनेस लिहिलेलं. कौतुकानं विचारलं, डेडलिफ्ट किती मारतेस? (जमिनीवरचा बार धरून सरळ उभं राहायचं, ती.) नव्वद किलो, म्हटलं. त्याचं बिस्कीट चहात पडलं. ते चमच्यानं काढेपर्यंत कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. तर किती उचलतेस असं विचारलं की 'कधी मोजलं नाही बाई' म्हणून पदर सावरावा. सूर्यनमस्कार सांगितले तरी चालतात. सूर्यनमस्कारांना कुणाचीच हरकत नसते.

खाण्यापिण्याचं. प्रोटीनचा डबा पिठाच्या डब्यामागे ठेवा. आमच्या काकूनं तो बघितला आणि विचारलं, "यानं मिशा येतात ना गं?" मी तिला बसवून समजावलं, की पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन बायकांच्या दहा-पंधरा पट असतं. एवढं असूनही आमच्या जिममधली निम्मी पोरं वर्षानुवर्षं आरशापुढे बाही वर करून उभी आहेत आणि दंड काही सरकत नाही. मग मला डाळीच्या नि दुधाच्या जोरावर मिशा कुठून येणार? काकू म्हणाली, "तरी जप हो." जपते. तुम्हीही जपा. अंडी बंद करा, सोमवार-गुरुवार-चतुर्थी धरा, साबुदाणा खा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. म्हणजे आपला नाजूकपणा बऱ्याच घरी रूपाचा नाहीच, हिमोग्लोबिनचा आहे. परंपरा आहे ती, राखा.

कसं दिसायचं ते मात्र पेन्सिलीनं लिहून घ्या, कारण ते खोडावं लागतं. आमच्या आजीच्या वेळी मुलगी 'अंगानं भरलेली', 'खात्यापित्या घरची' दिसावी लागायची. रविवर्म्याच्या छापील चित्रांतल्या बायकांचे दंड बघा, एकही पडवळ सापडणार नाही. दंडाशिवाय वाकी बसणार कुठे? आजीची सोन्याची वाकी आज घरात फक्त मला बसते. बाकीच्यांच्या ती घसरून कोपरावर येते, दोऱ्यानं बांधावी लागते. (सव्विसाव्या पानावर ती वाकीही चेपली आहे, पत्र्याच्या डब्यावर कुणी बसल्यासारखी.) मधल्या काळात झिरो साइज येऊन गेली. आता 'स्ट्रॉंग' चालतं म्हणे, पण त्यात कंबर चोवीस हवी आणि पोटावर चौकोन हवेत. जिममधला एक पोरगा मला स्वतःहून सांगून गेला, "ताई, ताकद आहे तुमच्यात, पण कट्स नाहीत." एकच दंड. काकूला तो जास्त आहे, या पोराला कमी आहे, कासाराला शेतीचा वाटतो आणि फोटोवाला तो रात्री दोन वाजता खोडत बसतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ताकद असूच नये असं नाही, ती कुठे खर्च करायची ते कळलं पाहिजे. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, वर त्याचं लोखंड, मिळून तीसेक किलो. तो दारातून ओट्याखाली कोण आणतं? लाथेनं कडेकडेनं फिरवत, कमरेला पदर खोचून? तेव्हा कुणी म्हणत नाही, की राहू दे गं, खांदे रुंद होतील. हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर, विहीर दीड किलोमीटरवर, तेव्हा तर चाल काय डौलदार म्हणून चित्रं काढतात. बांधकामावर घमेली वाहणारी, टोपली घेऊन लोकलमध्ये चढणारी कोळीण, कुणाचे दंड माझ्यापेक्षा बारीक आहेत? ऊसतोडीला बीडकडून जातात त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं दोन, हिशेबात कोयता एक. ती बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रकमध्ये टाकते, पोटुशी असली तरी टाकते, आणि एक दिवस बसली तर खाड्याचे पैसे कापतात. तिला 'अगं बाई, पुरुषी दिसायला लागलीस' हे सांगायला कुणी फडात गेलंय का कधी? मुकादम म्हणतो का तिला, की तुझे खांदे जरा जास्त झालेत, दोन आठवडे गुलाबी डंबेल मार? नाही म्हणत. कारण तो ऊस कारखान्याचा आहे, पाणी घराचं आहे, सिलिंडर सगळ्यांच्या पोळ्यांचा आहे. बाईची ताकद दुसऱ्याच्या कामाची असली की ती दिसतच नाही कुणाला. ती दिसते कधी? तिनं स्वतःचे पैसे भरून, संध्याकाळी सहा ते सात, स्वतःच्या हौशीनं काहीतरी उचललं आणि जिथून उचललं तिथेच परत ठेवलं की. कुणाचंच काम झालं नाही ना त्यातून! मग ते 'बाईला शोभत नाही'.

जरा वाहवले. सूचनांकडे वळू.

मेडल आणल्यास सवलत मिळते. २००० साली सिडनीला बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं आणि कर्णम मल्लेश्वरीनं एकूण २४० किलो उचलून ब्राँझ आणलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई ती, आणि ते मिळवलं वजन उचलून. टोकियोत मीराबाई चानूनं ४९ किलोंच्या गटात २०२ किलो उचलले, त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर काकूनं अकरा तिरंगे टाकले होते. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, मुलींची पहिली व्हायला २०२३ उजाडलं. सांगलीला झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, तिचाही फोटो काकूनं फॉरवर्ड केला, खाली 'नारीशक्ती'. मेडल नसेल तर वर बाह्यांचं सांगितलंय, ते बघा.

आमची कुलदेवता सप्तशृंगी. अठरा हात. लग्नाआधी सगळे वणीला जाऊन तिची ओटी भरून आलो. गड उतरताना काकू मला म्हणाली, "हॉलवर जरा शाल घे हो दंडावर."

हे सगळं मी हसत हसतच लिहिणार होते. पण काल समईचं काय करता येईल ते विचारायला फोटोवाल्याला पुन्हा फोन लावला आणि तो म्हणाला, "ताई, माझ्यावर कशाला चिडता? वरमाईंनीच सांगितलं होतं, पुतणीचे दंड तेवढे बघा म्हणून."

वरमाई म्हणजे काकू.

काकू, मग आता सूचना राहू दे, तुझ्याशीच बोलते. हॉल पहिल्या मजल्यावर होता. बुकिंगच्या वेळी चालू असलेली लिफ्ट मुहूर्ताला बंद होती. बावीस पायऱ्या. आजीचं खुब्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, पाय टाकायला घाबरते. खाली तीन दादा उभे होते. एकाची पाठ धरली होती, एकाची शेरवानी तंग होती, एक व्हिडिओ काढत होता. अर्ध्या तासापूर्वी चार बायकांसमोर माझ्या दंडाला चिमटा काढून "अशीला कोण करणार गं" म्हणालीस ना तू? तीच तू वरून ओरडलीस, "आपली पैलवान कुठाय? बोलवा तिला!" आले मी. आजी एक्केचाळीस किलोची आहे. मी तिच्या दुपटीहून जास्त उचलते म्हणून बावीस पायऱ्या न थांबता चढले, आणि ती पूर्ण वेळ माझ्या कानात "पदर सांभाळ, पदर" करत होती. ऐंशी पानांच्या अल्बममध्ये तो फोटो नाही. अक्षतांचे चौदा आहेत.

तू चोपन्न वर्षांची आहेस. पाळी गेली की बाईची हाडं भराभर विरळ होतात. मनगट जातं, मणका जातो, खुबा जातो. लांब कशाला, तुझ्या सासूचा गेला, न्हाणीघरात नुसती घसरून. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करा म्हणते, ती काय माझं लग्न मोडावं म्हणून? खाली बसलीस की उठताना तुला पलंगाची कड धरावी लागते. मला दिसतं ते. मी कधी चारचौघांत बोलले त्यावर? तुझ्या कमरेचा फोटो कधी कुणाला दुरुस्त करायला दिला? आपल्या घरच्या मुलीचा हात खोडायला सांगताना तुला काहीच वाटलं नाही? आणि खोडायचाच होता तर आजीला वर नेण्याआधी खोडायचा होतास.

सव्विसावं पान मी परत पाठवलंय. समई सरळ करून मागितली आहे, वाकी गोल, आणि दंड आहेत तसे. त्याचे पैसे मी देतेय, तू देऊ नकोस. गुरुवारी आजीला तपासणीला न्यायचंय, दवाखान्याला जिनाच आहे. साडेनऊला येते. तोपर्यंत तिला खाऊ घालून तयार ठेव.