ठिपके गळाले म्हणजे मासा बरा झाला असं नाही

बडोद्यातल्या मरीन टँकवाल्यांमध्ये एक मेसेज बरेच दिवस हातोहात फिरतोय. मराठीत आहे, गुजरातीतही आहे, आणि पुढे पाठवणारा प्रत्येकजण खाली आपल्या पदरचं ‘अनुभवाचा उपाय’ जोडतो. मजकूर थोडक्यात असा : खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले तर महागड्या औषधांच्या नादी लागू नका. हीटर 32 अंशांवर न्या. दर दहा लिटरला चमचाभर खडे मीठ घाला. खाण्याला लसणाचा रस लावा. माशाला गोड्या पाण्यात बुचकळून काढा. एवढ्यानं भागलं नाही तर टाकीत चिमूटभर मोरचूद टाका. आणि पाणी बदलायला साल्ट मिक्स (समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ) कशाला हवं, खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईहून समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणा. चार दिवसांत ठिपके जातात, मासा खायला लागतो.

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे. चार दिवसांत ठिपके जातात. काहीही केलं नाही तरी जातात.

हा रोग करणारा जीव म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी. माशाच्या कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली तो 3 ते 7 दिवस राहतो, खातो, फुगतो. आपल्याला दिसतो तो ठिपका हाच. पोट भरलं की तो मासा सोडतो, वाळूला, दगडाला, काचेला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जातो. बहुतेक कवचं 3 दिवसांपासून 4 आठवड्यांपर्यंत कधीतरी फुटतात आणि एकेकातून शेकड्यांनी पिल्लं बाहेर पडतात. त्यांना दीड-दोन दिवसांत मासा मिळाला तर ठीक, नाहीतर ती मरतात. बंद टाकीत मासा न मिळायचा प्रश्नच नसतो.

म्हणजे सोमवारी लसूण दिला, शुक्रवारी मासा स्वच्छ दिसला, तर लसणाचं नाव होतं. हीटर वाढवला असता तर हीटरचं झालं असतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, इतकंच. पंधरवड्यानं ठिपके दुपटीनं उगवतात तेव्हा ‘नवीन आजार आला’ असं म्हणून तोच मेसेज पुन्हा शोधला जातो. शिवाय पहिल्या हल्ल्यातून तगलेल्या माशात काही महिने पुरेल इतकी प्रतिकारशक्ती येते, त्यामुळे काही टाक्यांत पुढचा हल्ला सौम्य असतो. त्याचं श्रेयही नुस्ख्यालाच.

मेसेज कुठून आला असेल हे ओळखायला फार डोकं लागत नाही. गोल्डफिश आणि मॉलीला होणाऱ्या ठिपक्यांसाठी ऊब आणि मीठ हा जुना, बऱ्यापैकी लागू पडणारा उपाय आहे. तिथला परजीवी वेगळा, इक्थिऑफ्थिरिअस नावाचा, गोड्या पाण्यातला. तापमान 30 च्या वर टिकलं की त्याची वाढ अडखळते आणि मीठ त्याला सोसत नाही. कुणीतरी त्यातला ‘गोड्या’ शब्द खोडून ‘खाऱ्या’ केला असावा. ठिपके दिसायला सारखे, म्हणून औषधही सारखं.

आता मिठाचं बघा. टाकीतलं पाणी आधीच लिटरला 35 ग्रॅम क्षारांचं आहे. दहा लिटरला चमचाभर म्हणजे फार तर 36. जो जीव समुद्रातच जन्मला त्याला एक ग्रॅमनं काय फरक पडणार? त्याला खरा त्रास होतो तो उलट दिशेनं, क्षार उतरवल्यावर. वेगळ्या टाकीत पाण्याची घनता 1.025 वरून दोन दिवसांत हळूहळू 1.009 वर आणायची आणि तीन-चार आठवडे तिथेच रोखून धरायची, हा मान्य उपचार आहे. हाडांचे मासे ते सोसतात, परजीवीची कवचं सोसत नाहीत. अट एवढीच की मोजमाप क्षार अचूक मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरनं हवं. प्लॅस्टिकच्या काट्याचं हायड्रोमीटर 1.009 दाखवतं तेव्हा खरं 1.012 असू शकतं, आणि तेवढ्यावर परजीवी तगून जाऊ शकतो. मेसेज नेमका उलट्या दिशेला धाडतो.

आणि ते खडे मीठ. गुजरातेत राहून मिठागर न पाहिलेला माणूस विरळाच. खाऱ्या पाण्याला ऊन लागतं तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटी उरणाऱ्या कडू पाण्यात राहतं, जे आगरातून सोडून दिलं जातं. म्हणजे आपल्या हातात येतो तो जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एक लिटर पाण्यात मॅग्नेशियम सुमारे 1300 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम 400 च्या वर असतं. साल्ट मिक्सच्या डब्याला आपण पैसे मोजतो ते त्यासाठी.

मग समुद्राचंच पाणी आणलं तर? कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलेल्या कुणालाही विचारा, तिथलं पाणी कोणत्या रंगाचं असतं. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, पाणी दिवसातून दोनदा देऊळ बुडवतं आणि तळाचा गाळ ढवळून वर आणतं. साबरमती, मही, नर्मदा, तापी या सगळ्यांचं गोडं पाणी याच आखातात उतरतं, त्यामुळे क्षारता ऋतूगणिक बदलते. त्यातही कावी-कंबोई महीच्या मुखाशी, आणि नंदेसरीच्या बाजूच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहून नेणारा कालवाही त्याच खाडीत रिकामा होतो. दर्शनाला जावं, पाणी आणू नये. द्वारका-ओखा बाजूचं स्वच्छ पाणी आणणारे हौशी आहेत, ते गाळून आणि काही आठवडे अंधारात मुरवून वापरतात. पण आजारी माशासाठी पाणी आज हवं असतं.

32 अंशांचा सल्ला तर बडोद्यात कुणी लिहूच कसा शकतो? मे महिन्यात, बाहेर 43 असताना, दुपारी वीज गेली की इथल्या टाक्या आपणहून 31-32 वर जातात. त्या ऊबेनं रोग बरा होत असता तर आपल्याकडे उन्हाळ्यात एकही मासा आजारी पडला नसता. प्रत्यक्षात परजीवीचं चक्र ऊबेनं थांबत नाही, वेगानं फिरतं. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, आणि कल्ल्यांवर परजीवी बसलेल्या माशाला नेमका तोच कमी पडत असतो. टाकी 26 च्या आसपास ठेवा. चिलर नसेल तर पाण्यावर झोत येईल असा छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्यानं, खाऱ्यानं नव्हे.

लसणाबद्दल फार लिहावं असं काही नाही. वासानं टँगसारखा एखादा रुसलेला मासा तोंड लावतो, तेवढा उपयोग आहे. परजीवी त्यानं मरतो याला पुरावा नाही.

गोड्या पाण्याची आंघोळ मात्र मोडीत काढायची गोष्ट नाही, फक्त ती या रोगावर नाही. ठिपक्यातला जीव कातडीखाली आहे, पाच मिनिटांच्या गोड्या पाण्यात त्याचं काही बिघडत नाही. पण माशाच्या अंगावर चपटे कृमी असतील, तर हाच उपाय निदानही करतो. काळी बादली घ्या. आरओचं पाणी टाकीच्याच तापमानाला आणा, खाण्याच्या सोड्यानं पीएच 8.2 च्या जवळ न्या, हवेसाठी एअर स्टोन सोडा. मासा आत सोडल्यावर एरवी पारदर्शक असलेले कृमी गोड्या पाण्यानं पांढरे पडून सुटतात आणि काळ्या तळाशी तिळासारखे जमा होतात. कृमी दिसले तर रोग वेगळा, औषध वेगळं. बादलीजवळून हलू नका. मासा तोल सोडून वेगानं धापा टाकू लागला तर पाच मिनिटं पुरी व्हायची वाट न बघता परत घ्या. नळाचं पाणी थेट वापरू नका, आजवा तलावाचं असो की नर्मदेचं. त्यात क्लोरीन असतो.

सगळ्यात घातक ओळ मोरचुदाची. तांबं या परजीवीला मारतं, हे खरंच आहे. पण मात्रा लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम तांब्याची, त्याखाली काम होत नाही आणि फार वर गेलं तर मासाच विषबाधेनं जातो. मोरचुदात तांबं वजनाच्या साधारण चौथाई. चाळीस लिटरच्या टाकीला हिशेब करून बघा : हवं तांबं 8 मिलिग्रॅम, म्हणजे मोरचूद सुमारे 32 मिलिग्रॅम. माझ्या चिमटीत खडे भरडून घेतलेलं मोरचूद 300 मिलिग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे ‘चिमूटभर’ हे जवळपास दहापट झालं, तेही शेतीच्या दर्जाचं, पिकांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी विकलं जाणारं, शुद्धतेची हमी नसलेलं.

ते थेट मुख्य टाकीत गेलं की कोळंबी, गोगलगायी, ॲनिमोन, प्रवाळ सगळे संपतात. चुनखडीचे दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, म्हणून टेस्ट किट दुसऱ्या दिवशी शून्य दाखवतं, माणूस आणखी टाकतो, आणि शोषलेलं तांबं पुढे केव्हातरी पाण्यात परत येतं. तांब्याचा उपचार करायचा तर तयार औषध, तळाला वाळू-दगड नसलेली वेगळी टाकी, पूर्वी वापरात मुरवून ठेवलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो, आणि रोज तांब्याची टेस्ट. त्या टाकीत अमोनिया चढला तर पाणी बदला. अमोनिया निष्प्रभ करणाऱ्या बाटल्या तांब्यासोबत वापरू नका, तांब्याचा विषारीपणा त्यानं वाढू शकतो.

इतकी यंत्रणा जमत नसेल तर माझी पसंती दोन टबांना आहे. मंगळबाजारात मिळणारे वीस-पंचवीस लिटरचे प्लॅस्टिकचे टब, दोन एअर पंप, दोन हीटर आणि साल्ट मिक्सचं ताजं पाणी, बस. मासा एका टबात ठेवायचा आणि 72 तास भरायच्या आत, सकाळी, दुसऱ्यात हलवायचा. गळून तळाशी गेलेले परजीवी फुटायच्या आधीच त्यांचा टब रिकामा होतो. तो धुऊन कडक उन्हात वाळवायचा. अशा चार बदल्या, बारा दिवस, औषधाचा थेंब नाही. हलवताना जुनं पाणी सोबत जाता कामा नये, आणि एका टबाची जाळी दुसऱ्यात ओली बुडवू नये. खाणं बेतानं : ब्राइन श्रिम्प, मायसिस, टँगला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ). न खाल्लेलं उचललं नाही तर ते कुजून अमोनिया होतो, आणि खाऱ्या पाण्याच्या चढ्या पीएचला तो गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी विषारी ठरतो.

या सगळ्याच्या आधी मात्र एकदा टाकीचा दिवा मालवून टॉर्च तिरपा मारून बघा. ठिपके सुटे सुटे, रव्याच्या कणाएवढे असतील तर वर लिहिलेलं लागू. पण अंगावर पिवळसर भुकटी उडाल्यासारखी बारीक धूळ असेल, मासा पंपाच्या झोतात तोंड देऊन उभा असेल, उजेड टाळत असेल, श्वास भराभर घेत असेल, तर तो ॲमिलोऊडिनिअम आहे, ज्याला सगळे वेल्व्हेट म्हणतात. तिथे टबांची अदलाबदल पुरत नाही, क्षार उतरवणंही चालत नाही, आणि दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. तिथे थेट तांबं, वेगळ्या टाकीत, त्याच दिवशी.

मासे उपचाराला गेले की मुख्य टाकीत कोळंबी आणि गोगलगायी राहू द्या, परजीवी त्यांच्यावर जगत नाही. मासा मात्र एकही नको, चिमुकला गोबीसुद्धा नाही. प्रयोगशाळेत काही कवचं 72 दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, म्हणून हौशी लोक टाकी 76 दिवस बिनमाशांची ठेवतात. त्या काळात कोळंबीला खायला द्या, पंप चालू ठेवा, आणि नवा मासा घेतलात तर तो आधी टबात.