‘आफ्रिका’ नावाचा देश नाही

शाळेच्या ग्रुपवर आज गॅदरिंगची सूचना आली. देशोदेशीची नृत्यं. कुणाला जपान, कुणाला स्पेन आणि लेकीच्या वर्गाला ‘आफ्रिका’. देश कुठला? नुसतं आफ्रिका! पोशाख : गवताचा घागरा आणि तोंडाला काळा रंग. सकाळपासून डोकं फिरलंय.

अहो, एक देश तरी निवडा! इथिओपिया घ्या. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्यांची राजधानी अदिस अबाबाच २,३०० मीटरच्या वर. तिथल्या थंडीत लोक जाड सुती गाबी पांघरतात. गवताचे घागरे कसले?

आमच्या वरच्या मजल्यावर एक इथिओपियन जोडपं राहायचं. तो पीएचडीला पुण्यात आलेला. बिल्डिंगमधली पोरं तिला मावशी म्हणायची. रविवारी ती हिरव्या कॉफीबिया भाजायची आणि धूर उठला की तवा एकेकाच्या नाकाशी फिरवायची. मग जेबेनातून, म्हणजे काळ्या मातीच्या सुरईतून, कॉफीच्या तीन फेऱ्या. पोरांना पॉपकॉर्न. तिसरी फेरी होईपर्यंत कुणी उठायचं नाही. तिनंच पोरांना त्यांच्या अम्हारिक भाषेची अक्षरं दाखवली, एकेका व्यंजनाची स्वरागणिक सात रूपं. “ही तर बाराखडी!” लेक ओरडलीच. आणि त्यांच्या वर्षाला तेरा महिने, शेवटचा जेमतेम पाच-सहा दिवसांचा, हे ऐकून तर पोरं हरखून गेली होती.

मुलांना एवढं पुरतं हो. ती लगेच आपलंसं करतात.

दुष्काळ, उपासमार खरी होती, तिथल्या टिग्रे प्रांतातलं युद्धही खरं. मान्य. पण १८९६ साली अडवाच्या लढाईत याच लोकांनी इटलीच्या फौजेला धूळ चारली, तेही खरंच ना? आणि मलिक अंबर? इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा वजीर झाला. आजचं छत्रपती संभाजीनगर म्हणजे त्यानं वसवलेली खडकी. मराठी शाळेला हे सांगावं लागतं, याचाच जास्त संताप येतो.

मावशी इंजेराचा, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या पिठाच्या डोशाचा, तुकडा तोडून, त्यात मसूर गुंडाळून स्वतःच्या हातानं पोरांना भरवायची. गुर्शा म्हणतात त्याला, मायेचा घास. घरी डाळीला नाक मुरडणारी माझी लेक तिच्यापुढे आ करून बसायची. आणि तिचा नवरा लिफ्टमध्ये दिसला की आमच्याच सोसायटीतले सुशिक्षित लोक पुढच्या लिफ्टसाठी थांबायचे. लहानपणी तोंडाला काळं फासून ‘हुगाबुगा’ नाचलेलेच असणार ते.

शिक्षकांना वेळ नसतो, कळतं मला. म्हणून काम मीच करते. एस्किस्ता हे इथिओपियाचं नृत्य बसवूया. सगळा नाच खांद्यांचा, पोरं दोन दिवसांत उचलतील. पोशाखाला घरातली पांढरी, काठाची उपरणी चालतील. मुख्याध्यापकांसाठी पत्र लिहून ठेवलंय. या वर्गाच्या पालकांनी उद्या शाळा सुटताना सहीला थांबा, मी फाटकापाशीच असेन.