राइट बंधूंचं स्मारक खोटं नाही, आणि पाऱ्यावर विमान उडत नाही

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज आला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात किल डेव्हिल हिल्सला राइट बंधूंचं स्मारक आहे, त्याचा फोटो. खाली मजकूर: हे स्मारक म्हणजे जगातली सगळ्यात मोठी थाप, ते तर टेकडीवरून घसरले, त्यांचं विमान यंत्राने फेकलं होतं. पहिलं विमान शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवरून 1500 फूट उंच उडवलं, पाऱ्याच्या इंजिनावर, आणि इंग्रजांनी ते दडपलं. आजवर मी असे मेसेज सोडून देत होते. पण आठवीतला माझा भाचा हेच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडणार आहे आणि त्यासाठी जुने थर्मामीटर गोळा करतोय.

म्हणून आधी पारा. मेसेजमध्ये लिहिलंय की पाऱ्यावर सूर्यकिरण पडले की हायड्रोजन सुटतो आणि विमान वर जातं. पारा हे मूलद्रव्य आहे. त्यात हायड्रोजन नाहीच, तर सुटणार कुठून? उन्हात ठेवलेल्या पाऱ्यातून एकच गोष्ट बाहेर पडते, त्याची वाफ. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती मेंदू आणि मूत्रपिंडं खराब करते. त्यातून पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणजे विमानात भरायला याहून वाईट द्रव शोधून सापडणार नाही. "नासाने पाऱ्याचं आयन इंजिन (विद्युतभारित कण मागे फेकून जोर देणारं) बनवलं" हे मात्र खरं आहे. 1964 मध्ये त्यांनी ते अवकाशात चालवून पाहिलं. पण त्याचा जोर जेमतेम एक कागद तोलेल एवढा, आणि ते चालतं फक्त निर्वातात. चौपाटीवर हवा होती. मेसेज पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढा तरी विचार करायला हवा होता, कारण उद्या थर्मामीटर फुटेल तो एका मुलाच्या हातात.

हे पाऱ्याचं इंजिन ज्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथातून आलं म्हणतात, त्याची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच प्राध्यापकांनी 1974 मध्येच केली आहे. ग्रंथ भारद्वाज ऋषींचा नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंडित सुब्बराय शास्त्रींनी सांगितलेला आहे, आणि त्यातलं एकही विमान उडण्याजोगं नाही, असा त्यांचा निष्कर्ष. आकृत्या तर 1923 च्या आसपास बंगळुरूच्या एका ड्राफ्ट्समनकडून काढून घेतलेल्या. ही तपासणी इंग्रजांनी केलेली नाही, आपल्याच विमानशास्त्रज्ञांनी केली आहे.

बाकीचे मुद्दे चटकन उरकते. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड साक्षीला होते, 'केसरी'त छापून आलं, असं म्हणतात. कुठल्या तारखेचा अंक, ते मेसेज सांगत नाही. आणि खुद्द 'केसरी'ने छापलं असेल, तर दडपलं काय? शिवाय मेसेजच म्हणतो की त्या विमानात माणूस नव्हता. मग राइट बंधूंशी तुलना कसली? माणसाशिवाय उडणारं वाफेवरचं विमान लँग्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1896 मध्ये तिथल्या पोटोमॅक नदीवर उडवलं होतं, तरी त्याला कुणी पहिला वैमानिक म्हणत नाही.

टेकडीचं म्हणणं अर्धं खरं आहे. ग्लायडरचा सराव दोघांनी त्याच टेकडीवर केला आणि 14 डिसेंबर 1903 चा फसलेला प्रयत्नही तिच्या उतारावरच झाला. पण 17 तारखेची उड्डाणं सपाट वाळूवरून, समोरच्या वाऱ्यात झाली. वजन पाडून विमानाला ढकलणारं यंत्र त्यांनी वापरलं ते पुढच्या वर्षी, ओहायोत. ज्याला थाप म्हणता त्या स्मारकाचं नीट बघा तरी. टेकडीवर 60 फुटी ग्रॅनाइटचा मनोरा आहेच, पण खाली मैदानात विमान जिथून उडालं तिथे एक मोठा दगड आहे, आणि चारही उड्डाणं जिथे जिथे संपली तिथे वेगळे दगड. पहिलं 120 फूट, 12 सेकंद. चौथं 852 फूट, 59 सेकंद. स्थानिक पाच जण बघत होते, त्यातल्याच डॅनियल्सने काढलेला फोटो आहे, त्याच दिवशी वडिलांना केलेली तार आहे.

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने राइट कुटुंबाच्या वारसांशी करार केला, की राइट बंधूंच्या विमानाआधीचं कुठलंही विमान पहिलं म्हणायचं नाही, हेही मेसेजमध्ये आहे. करार आहे, 1948 चा, आणि संग्रहालयाने अशी अट मान्य करायला नको होती असं मलाही वाटतं. पण त्या अटीने तोंड बंद होतं ते एका संग्रहालयाचं. चौपाटीचा पुरावा द्यायला मुंबईत कुणाला कुणी अडवलेलं नाही.

तळपदे खरे होते, चिराबाजारचे होते आणि विमानाच्या ध्यासाने त्यांनी खटपट केली. त्यांच्या नावाची पाटी चिराबाजारात लागणार असेल तर वर्गणी मी देईन. त्या पाटीवर त्यांचं नाव, 1864 ते 1916 ही सालं आणि त्यांनी विमान बनवायचा प्रयत्न केला एवढं लिहा. 1500 फूट लिहू नका.